व्हॅनवाल्याची पोर

"जजसाहेबांपुढे डोळ्यांत पाणी आणा," असं वकिलाने कोर्टाबाहेरच रत्नाला बजावलं होतं. दारू पिऊन शाळेची व्हॅन चालवल्याचा गुन्हा तिच्या नवऱ्याने, हणमंताने, कबूल केला होता. दंड तो भरणार होता. फक्त परवाना वाचायला हवा होता.

पण जजसाहेबांनी विचारताच रत्ना म्हणाली, "साहेब, यांचा परवाना काढूनच घ्या."

पिंजऱ्यातला हणमंत कठड्यावरून पुढे वाकला. "अगं बये, मग खाणार काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आमच्या पोरीला मी रोज चालत शाळेत नेते, साहेब."

हणमंत यावरून तिला हसायचा. दारात व्हॅन उभी असताना पोरीला कसली पायपीट, म्हणायचा.

आता मात्र रत्नाच्या डोळ्यांना खरंच धारा लागल्या. "बाकीच्या आयांना कुठं ठाऊक आहे हे?"