निळ्या पतंगाचे दोन गुण

तिसऱ्या फेरीनंतरही वाल्दोने निळ्या पतंगाला दहापैकी दोनच गुण दिले, तेव्हा जोसियानीने वही मिटली.

सकाळपासून काउईपेच्या तळ्यावर ती दोघं आळीपाळीने तीन पतंग उडवून बघत होती. लाल, करडा आणि निळा. बनवणाऱ्यांची नावं काळ्या चिकटपट्टीखाली झाकलेली. फळीवर उभं राहून पतंगाच्या ओढीने पाण्यावरून सुसाट जायचं, उसळी घ्यायची, आणि दोऱ्या क्षणभर सैल पडल्या की त्या बांधलेली हातातली दांडी पाठीमागून दुसऱ्या हातात घ्यायची. हे ज्या पतंगावर सगळ्यात सोपं जाईल, त्याचे बारा नग त्यांची या खेळाची शाळा घेणार होती. शाळेचा संघ जोसियानीच्या हाताखाली होता आणि निकाल तिला संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

नाव झाकलं तरी निळा कुणाचा हे तिला ठाऊक होतं. ती शिवण पाराकुरू गावच्या दोना निल्दाची. लोकांचे फाटके पतंग शिवता शिवता बाईने यंदा स्वतःचा पहिला पतंग केला होता. जोसियानीने त्याला नऊ गुण दिले होते.

"यात वाईट काय आहे, ते तरी सांग."

वाल्दो, संघातला सगळ्यात जुना गडी, वाळूत बसून दोऱ्या गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. "ओढतो. सैल सोडतच नाही. हात उपटून काढतो."

"मला तर लोण्यासारखा लागला."

"तुला लागला असेल."

तिने त्याला पाण्यावर पाहिलं होतं. लालवर त्याची दांडी पाठीमागून अशी फिरली, की काठावर शहाळी पीत बसलेले लोक उठून उभे राहिले. निळ्यावर मात्र ती दोनदा सुटली, आणि या खेपेला तर त्याने ती पाठीमागे नेलीच नाही. नुसता उडाला आणि उतरला. ज्याने तिला हा खेळ शिकवला त्याच्या हातून दांडी सुटते? सुटत नाही. सोडली जाते.

आणि काल दुपारी रेनान त्याच्याशेजारी बसला होता. रेनान करड्या पतंगाच्या कंपनीचा माणूस. झावळ्यांच्या छपराखाली दोघं तळलेली मासळी खात होते. ती जवळ गेली तसं बोलणं तुटलं. रेनान हसला. वाल्दो खाली बघून काटे काढत राहिला.

"काल रेनान काय म्हणत होता?"

वाल्दोचे हात थांबले. "काही नाही. वाऱ्याचं बोलत होतो."

"मी आले आणि वारा पडला वाटतं."

तो पुन्हा दोऱ्या गुंडाळू लागला.

"वाल्दो, सरळ विचारते. निळ्याला पाडायचं म्हणून त्याने तुला काय कबूल केलंय?"

तो आता भडकेल, शिवी घालेल, वही हिसकावून घेईल, असं तिला वाटलं. खरं तर तेच व्हावं असं तिच्या मनात होतं. पण तो तळ्याकडे बघत थकल्यासारखा म्हणाला, "पुढच्या मोसमात त्यांच्या संघात जागा."

"आणि तू हो म्हणालास?"

"म्हणालो."

"त्या बाईच्या घरी जेवलायस रे तू! ऊठ. शाळेचा शर्ट इथे ठेव आणि चालू लाग."

तो उठला. उजव्या हाताने शर्टाची कड धरून त्याने वर ओढली. एक बाजू निघाली. डावा हात छातीच्या वर जाईना. त्याने वाकून शर्ट ओढून पाहिला, पाठ वळवून पाहिला.

"ओला आहे," तो म्हणाला. "चिकटलाय."

हे नवीन नाटक की काय, अशी शंका तिला आलीच. मग पुढे होऊन तिने शर्ट त्याच्या डोक्यावरून काढला. डावी बाही सोडवताना त्याने दात आवळले. खांदा सुजून जांभळा झाला होता.

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. पहिल्या पतंगाला ठीक असतो. दुसऱ्याला कुरकुरतो. तिसऱ्याला हात माझा राहतच नाही."

लाल, करडा, निळा. तिन्ही फेऱ्यांत हाच क्रम, आणि तो तिनेच लावला होता.

"मग रेनान?"

"त्याने ओळखलं. डॉक्टरकडे जा म्हणत होता. बाकी काही नाही, बिचारा."

"आणि मघाशी खोटं बोललास! गावभर तुला लबाड ठरवलं असतं मी."

"लबाड म्हणून हाकललं असतंस, तर दुसऱ्या कुणीतरी ठेवून घेतलं असतं, जोसी. मोडक्याला कोण ठेवतो?"

तिने विचारलं, "निळा कसा आहे? खरं सांग."

"छान आहे. दोऱ्या सैल पडल्या की वेळच वेळ असतो. मलाच तो वेळ वापरता येत नाही."

तिने वहीतलं गुणांचं पान फाडलं. वारा अजून चांगला होता. तिने कमरेचा पट्टा आवळला, दांडी उचलली आणि म्हणाली, "चल, धर. पुन्हा उडवते."

वाल्दो निळा पतंग घेऊन पाण्याच्या कडेला गेला आणि एकट्या उजव्या हाताने तो उभा धरला. दोऱ्या ताणल्या. कापड फडफडून हाताला हिसके देऊ लागलं.

सोड, अशी खूण करत जोसियानीने अंगठा वर केला. त्याने सोडला नाही.

तिने पुन्हा अंगठा दाखवला. मग त्याने बोटं उघडली आणि पतंग वर गेला.