पाचची मोटार

"पोरगी शिनेमा-गिनेमा पाह्यते काय वो?" भागीरथाबाईंनी चिवड्यातला शेंगदाणा बोटानं बाजूला काढत विचारलं.

"छे वो बाई!" पोरीची आई सीताबाई दाराआडूनच म्हणाली. "तिले त्यातलं काई कळत नाई."

सतरंजीवर मान खाली घालून बसलेल्या गुलाबनं पायाच्या अंगठ्यात सतरंजीची दशी पकडली. वर्ध्याच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटं फाडायला तिची सख्खी मावशी होती. एकही खेळ गुलाबनं सोडला नव्हता, काही तर चारचारदा पाहिलेले. पण दिवाळीआधी आलेले हिंगणघाटचे पाहुणे "पोरगी बोलते फार" म्हणून उठून गेले, आणि तेव्हापासून आईनं तिच्या तोंडाला जणू टाकाच घातला होता. देवळीचं हे स्थळ चांगलं होतं. मुलगा मास्तर; त्याचे आईवडील आज तिला पाहायला आले होते. गुलाबला तो फोटोत आवडलाही होता.

"नाई पाहत तेच बरं," भागीरथाबाई म्हणाल्या. "आमी पाह्यतो कधीमधी. बाजाराले वर्ध्याले आलो का तीनच्या खेळाले बसतो. पण सांगतो तुमाले, निव्वळ रडं! एकबी मानूस सुखात नाई राहत त्याच्यात."

गुलाबनं दशी ओढली.

"तो जत्रेचा पाह्यला. माय फुगा घ्याले पोराचा हात सोडते. पोरगं गेलं ते गेलंच. अन् तो वकिलाचा! निर्दोष मानसाले जजानं फाशी सांगतली अन् खेळ खलास. मी त त्या दिवशी जेवली नाई."

दशी तुटली. गुलाबनं दुसरी धरली.

खुर्चीवर बसलेल्या बाबारावांनी खिशातलं घड्याळ तिसऱ्यांदा काढलं. "आटपा आता. पाचची मोटार जाईन. शेवटची आहे."

"हो, हो. उठलीच." भागीरथाबाईंनी कुंकवाचा करंडा पुढं ओढला. "कळवतो मंग आमी."

दाराआड बांगड्या एकदम गप्प झाल्या. कळवतो म्हणजे काय, ते सीताबाईला हिंगणघाटवाल्यांनी शिकवलं होतं.

"अन् सगळ्यात वाईट तो परवाचा," कुंकवात बोट बुडवता बुडवता भागीरथाबाईंना आठवलं. "बाई बिचारी सात वर्सं कंदील लावून नवऱ्याची वाट पाह्यते. दारावर थाप पडते, अन् झालं, संपलं! मानूसच हलकट. मेला असन कुठंतरी."

"नाई मेला तो!"

एवढ्याशा खोलीत गुलाबचा आवाज फार मोठा झाला. आता निघालाच होता, तर तिनं तो आवरलाही नाही. "हलकटबी नाई. अन् जत्रेतलं पोरगं सापडते, डॉक्टर होऊन मायले तपासाले येते. फाशीबी रद्द होते. सारं इंटरवलनंतर आहे."

आत कपबशी आपटली.

भागीरथाबाईंचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. "कशाच्या नंतर?"

"इंटरवलच्या. लाईट लागते न मधात, त्याच्या नंतर अर्धा असते न."

"लाईट लागले का संपते."

"नाई वो. लोक बसून राह्यते न तितं?"

"मले वाटे, फुडच्या खेळासाठी जागा धरून राह्यले." भागीरथाबाई सावकाश नवऱ्याकडं वळल्या. "दारातून हाका त तुमीच मारत होते. चाल, संपला म्हनून."

बाबाराव उठून उभे राहिले. घड्याळाचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "पाचची मोटार राह्यते न," ते घड्याळालाच म्हणाले. "तुले सांगतलं असतं, त उठली असती काय तू?"



"चौपनच्या दिवाळीपासून," भागीरथाबाई म्हणाल्या. "जत्रेतल्या त्या पोरासाठी मी नवस बोलून आली होती. तीन वर्सं!"

"चाल आता. घरी जाऊन बोल काय बोलाचं ते. साडेचार झाले."

"जाऊ द्या मोटार."

"अवो, शेवटची आहे!"

"ठाऊक आहे मले. तुमी जा तिच्यानं."

हवेतलं कुंकवाचं बोट त्यांनी गुलाबच्या कपाळावर टेकवलं. जरा वाकडंच लागलं. मग लुगडं सावरून त्या तिच्याशेजारी सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "दारावर थाप पडली. मंग?"