वावटळीवर थुंकताना

मंगळावरच्या वस्तीची सगळी सौर पॅनेलं लाल धुळीनं माखली होती. वीज कमी पडल्यामुळे आतलं हवेचं यंत्र धापा टाकत होतं, आणि आत द्वारकाची तान्ही लेक होती. द्वारका बाहेर एकेक पॅनेल ब्रशनं पुसत होती. तेवढ्यात कानात दिराचा, महिपतीचा, आवाज आला, “वहिनी, वावटळ येतेय! आत या!”

तापलेल्या जमिनीवरून उसळलेली गरम हवा गिरक्या घेत धुळीचा खांब थेट आभाळात ओढून नेत होती. पळायला वेळ उरला नव्हता. वावटळीत भूत असतं, थुंकलं की ते वाट सोडतं, हे माणदेशातल्या आईनं लहानपणीच अंगात मुरवलेलं. द्वारका तीनदा थुंकली.

हेल्मेटची काच आतून बरबटली. काही दिसेना. ती पॅनेलच्या खांबाला घट्ट मिठी मारून बसली. अंगावरून सरसर धूळ गेली, आणि एकाएकी सगळं थांबलं.

“भाऊजी, यंत्र?” तिनं कसंबसं विचारलं.

“जोरात चालायला लागलं की! वावटळीनं सगळी पॅनेलं लख्ख पुसून काढलीत. तुम्हाला दिसत नाही का?”

अख्ख्या वस्तीत आता तिचीच काच तेवढी घाण होती.