बिर्याणीचा वास

वजन घटवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून भामा रोज संध्याकाळी एकटीच फिरायला जाई आणि पदराला बिर्याणीचा वास घेऊन परते. लक्ष्मणरावांच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरांनी मुठीएवढंच पोट ठेवलेलं. बायको चोरून खात असेल तर टाके उसवायचे. एकदा ते गुपचूप मागे निघाले. अंबरपेठच्या चौरस्त्यावरच्या हॉटेलात ती शिरली, तसे तेही तरातरा आत गेले. तिच्यासमोर नुसतं पाणी होतं. ती शेजारच्या टेबलावरच्यांना जेवताना बघत होती. "इथं काय करतेस?" "बसते," ती म्हणाली. "घरी मला बघितलं की तुम्ही सगळे ताटं घेऊन आत पळता. इथं कुणी पळत नाही." लक्ष्मणराव समोरची खुर्ची ओढून बसले. वेटरनं विचारलं, "क्या होना, साब?" बिर्याणी मागवून ते तिच्यासमोरच भराभर खाऊ लागले. "सावकाश जेवा," ती म्हणाली, "मला घाई नाही."