छपरातून आलेला दगड

उल्का दलित वस्तीतल्या जनकाबाईच्या घराचं टिनाचं छप्पर फोडून चुलीपाशी पडली. संध्याकाळपर्यंत गावकऱ्यांनी ती देवळात नेऊन तिला शेंदूर फासला.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या उल्का केंद्रातून मंजुश्री आली. उल्का म्हणजे काय आणि ती मशीनमध्ये कशी तपासतात, ते तिनं गावाला समजावलं. मग जनकाबाईला म्हणाली, "चला, तुमचा दगड बघू."

देवळाच्या पायरीवर गावचे पाटील अर्जुनराव आडवे आले. "मॅडम, तुमी या. तिले नाई येता येत. देवाले इटाळ होते."

"मग मलाही येता येणार नाही," मंजुश्री म्हणाली.

जनकाबाई तरातरा घरी गेली आणि चुलीत सापडलेला एक तुकडा घेऊन आली. तो मंजुश्रीच्या हातावर ठेवत म्हणाली, "मशीनमधी घालून पाह्य पोरी, माह्या हातचा इटाळ याच्यात कुठी दिसते काय. अन् देवळाच्या भोंग्यावरून सांगजो."