पुलाअलीकडचा बाइंडर

चार महिने झाले, तरी त्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं. पुलापलीकडच्या वाचनालयानं लिहिलं होतं : आमचे जुने नकाशासंग्रह खिळखिळे झाले आहेत, ते तुम्हीच बांधून द्यावेत. ‘तुम्हीच’खाली रेघ होती. थोरल्या भावानं ते पत्र इतक्यांदा वाचलं की ते घड्यांवर फाटायला लागलं. मग त्यानं सवयीनं त्याला मागून पातळ कागद चिकटवला. उत्तर मात्र लिहिलं नाही.

कारण होता करार. वडील गेल्यावर दोघा बाइंडर भावांनी दुकानं वेगळी केली, तेव्हा धाकट्यानं तो टाइप करून आणला होता. कलम चार : पुलाअलीकडचं काम थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं, दुसऱ्याच्या हद्दीतलं गिऱ्हाईक कोणी घ्यायचं नाही. कलम पाच : दर रविवारी दोघांनी एकत्र जेवायचं. थोरल्याला बायको-मुलं नव्हती. त्याचं आठवड्याचं बोलणं बहुतेक रविवारीच व्हायचं.

धाकट्याची मुलगी नुकतीच वकील झाली होती. कायद्याचं एक जाडजूड पुस्तक घेऊन ती दुकानात आली. “शिवून द्या, काका. बाबांना सांगू नका, ते खळ फार थापतात.” तेवढ्यात टेबलावरचं पत्र तिनं वाचलं. “चार महिने! अहो, एवढी दिरंगाई आमच्या कोर्टालाच शोभते.”

“चौथं कलम आहे ना ग.”

“एकाच धंद्यातल्या दोघांनी गिऱ्हाइकं वाटून घ्यायला कायद्याची बंदी आहे. ते कलम पहिल्या दिवसापासूनच रद्द.”

थोरल्याचा चेहरा उतरला. “म्हणजे करारच गेला. पाचवंही गेलं.”

“फक्त चौथं जातं. बाकीचं त्याच्यावाचून उभं राहत असेल, तर राहतं.”

“कागद असा ऐकत नाही, बाळ. शिवलेल्या पुस्तकातलं एक पान उपटलं, की शिवणीपलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. आज नाही तर उद्या.”

“उपटायचं कुणी सांगितलं? शिवणीपाशी बोटभर पट्टी ठेवून कापायचं, म्हणजे जोडपान हलत नाही. मी सातवीत असताना तुम्हीच शिकवलंत.”

थोरल्यानं तिचं पुस्तक शिवायला ओढलं.

रविवारी धाकट्याच्या घरी जेवणं उरकली. थोरल्यानं करार टेबलावर ठेवला. तीनदा घसा खाकरला. कान लालबुंद झाले.

“चौथं कलम काढून टाकू या का?”

धाकट्याचं हसणं थांबलं. “दादा, नीट विचार कर. ते तुला अडवायला नव्हतंच.”

“मग?”

“मला अडवायला होतं. तू गिऱ्हाईक दिसलं की कपाटामागं जाणार, आणि मी म्हणजे चालतंबोलतं दुकान. सहा महिन्यांत तुझी सगळी कामं इकडं ओढली असती, आणि तू म्हणाला असतास, असू दे. म्हणून मीच माझ्या पायात बेडी घातली.”

एकोणीस वर्षं थोरला समजत होता की धाकट्याला आपल्या हातातल्या कसबाची धास्ती वाटते. त्याच्यापाशी अभिमान म्हणून तेवढाच होता. मग त्यानं पुतणीची पेन्सिल मागून घेतली आणि चौथ्या कलमावर सरळ रेघ मारली.

“पाचवं बघा,” ती म्हणाली. “शब्दसुद्धा हलला नाही.”

“आता एक पोस्टकार्ड दे,” थोरला म्हणाला.

त्यानं तिथंच, हातानं आडोसा करून, चार ओळी लिहिल्या. कार्ड धाकट्याच्या हातात दिलं. “तुझ्या कोपऱ्यावर टपालपेटी आहे. जरा टाकून येतोस?”

कार्ड उघडंच असतं. धाकट्यानं उभ्या उभ्या वाचलं : ‘नकाशासंग्रह आनंदानं बांधून देईन. पुलापलीकडचा बाइंडर जी मुदत सांगेल, तिच्या आठ दिवस आधी. शिवाय तो खळ फार थापतो.’

“दादा! लबाडा!” धाकटा ओरडला. मुलीकडे डोळे वटारून बघितलं. मग पोट धरून हसत तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि प्रतिस्पर्ध्याचं पहिलं कार्ड आपल्या हातानं पेटीत टाकून आला.