कुबडीचं माप

बिडी विझली तरी मच्छिंद्रला काही कळलं नाही. उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या बेचक्यात, त्यानं ती पेटती दाबून धरली होती. केस जळल्याचा वास आला. कातडीवर डाग उठला. पण चटका म्हणाल तर नावाला नाही. भर दुपारी, गोठ्यामागं एकट्या बसलेल्या त्या गड्यानं तो हात घाईनं उपरण्याखाली ओढला.

दोन वर्षांमागं त्याच्या बापाच्या, हरिबाआबाच्या हातावर भावकीतल्या चार शहाण्यांनी अशीच बिडी टेकवली होती. उजव्याच हातावर, ह्याच जागी, आणि त्यालाही चटका कळला नव्हता. आबाचा पंजा तेव्हा असाच मनगटातून खाली लोंबत होता. "रगतपिती," शहाण्यांनी निकाल दिला आणि चार पावलं मागं सरले. झालं! आबाची रवानगी माळावरच्या खोपटात. गावात, न्हावऱ्यात, सांगितलं, म्हातारा राखणीला गेलाय. डॉक्टरला दाखवावं असं मच्छिंद्रच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण डॉक्टरकडं नेलं की रोगाचं नाव फुटणार, आणि नाव फुटलं की तोंड कुठं लपवायचं? तेव्हा राहिलं ते राहिलंच.

आबाचा एक पाय आधीच कामातून गेलेला, कडब्याच्या गाडीवरून पडून; तेव्हापासून बगलेत कुबडी. खोपटात त्याला हात द्यायला कोण होतं? पाण्याला, परसाकडं, जळण गोळा करायला, दिवसभर तो कुबडीवर रेलून हिंडायचा. मच्छिंद्रची बायको ताईबाई सपाट दगडावर भाकरी ठेवायची आणि मागं सरायची. मच्छिंद्र तर बांधावरूनच ओरडायचा, "आबा, बरं हाय का?" तिकडून म्हाताऱ्याचं एकच पालुपद, "मच्छ्या, बगल दुखती रं!" घरी यायचं निमित्त काढतोय, असं समजून मच्छिंद्र पाठ फिरवायचा. आठ महिन्यांनी आबा गेला. अंथरूण, पांघरूण, तांब्या, सगळं रानातच जाळलं-पुरलं. कुबडी तेवढी राहिली. बाभळीची होती, दणकट.

आणि ह्या दुष्काळात खडीच्या कामावर मच्छिंद्रच्या पायावर धोंडा पडला.

"ती नगा आनू," ताईबाई म्हणाली होती. "त्यांची हाय ती."

तरी त्यानं आणली. बगलेत लावली तर काय, घट्ट बसली, तसूभर कमी नाही की जास्त नाही. वरच्या फळीला गुंडाळलेल्या गोधडीच्या तुकड्याला अजून आबाच्या तंबाखूचा वास येत होता. महिना गेला. एका सकाळी भाकरी खाताखाता तो बोलून गेला, "बगल दुखती गं." ताईबाईच्या हातातली परात खाली पडली. मग त्याची बोटं उघडेनात. मग पंजाच लोंबायला लागला. तो हात त्यानं उपरण्याखाली झाकला खरा, पण बायकोपासून काय लपतंय? ती ताट हातात द्यायची बंद झाली. जमिनीवर ठेवून लांब बसायला लागली. म्हातारा आपल्याला न्यायला आलाय, याविषयी मच्छिंद्रला शंका उरली नाही.

गोठ्यामागून तो कसाबसा उठला, तेवढ्यात माळाकडून ताईबाई येताना दिसली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले.

"कुठं गेलतीस?"

"खोपट सारवलं," ती खाली बघत म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि आत गेली.

कुणासाठी, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं एस.टी. धरली आणि दौंड गाठलं. शिरूरला पावलापावलाला ओळखीचे भेटतात, दौंडात कोण कुत्रं विचारतंय? स्टेशनाजवळच्या एका डॉक्टरनं त्याला उघडा करून पाठपोट सगळं तपासलं. टाचणी टोचली. कोपराशी, गुडघ्याशी दाबून पाहिलं. मनगट वर उचलायला सांगितलं. उचललं नाही.

"तुम्हाला रक्तपिती नाही," डॉक्टर म्हणाले.

मच्छिंद्र ढसाढसा रडला. लाज म्हणून नाही, काही नाही.

डॉक्टरांनी त्याच्या बगलेत दोन बोटं घातली. "हाताच्या सगळ्या नसा इथून खाली उतरतात. त्यातली एक दंडाच्या हाडामागून जाते. तीच मनगट उचलते, बोटं उघडते, अंगठ्याच्या बेचक्यातला चटकाही तीच कळवते. तुमच्या कुबडीनं ती चेपली. ही काय पाचर ठोकल्यासारखी बसवलीय! बगलेखाली तीन बोटं मोकळी हवीत. भार मुठीवर द्यायचा, बगलेवर नाही. खालून कापून घ्या. दोन-तीन महिन्यांत हात येईल."

"पुरता?"

"पुरता. कुणाच्या मापानं केलीत ही?"

"माझ्याच. म्हंजी केलती आबांसाठी. त्यास्नी उठवत नव्हतं, म्हनून सुताराम्होरं मीच हुबा ऱ्हायलो."

"वडील तुमच्याएवढेच उंच?"

"न्हाई. चार बोटं बुटके."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "अहो, मग त्यांना तर ही पहिल्या दिवसापासून रुतली असणार. कधी काही बोलले कसे नाहीत?"

मच्छिंद्रनं कुबडी उचलून मांडीवर आडवी घेतली.

"रोज सांगत हुते," तो म्हणाला.